पुस्तकातली मुलगी कधी येणार

प्रिय सेन्नी,

झालं गं बाई एकदाचं वाचून तुझं पुस्तक! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एक ओळ गाळली नाही. म्हणजे चुंबनांच्या काही ओळी गाळल्या, पण त्या मोठ्याने वाचताना गाळल्या, मनात वाचल्याच. सुरू केलं तेव्हा अंगणातल्या मेपलला पानं होती. आता छपराच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबतायत आणि स्वयंपाकघराची खिडकी अर्धी बुजलीय. तुला हसू येईल की एवढंसं पुस्तक आणि तुझ्या मुम्मू आजीला त्याला हिवाळा लागला. पण माझी आठवी झाली आणि आई गेली, मग गाईंच्या धारा कोणी काढायच्या आणि धाकट्यांच्या पायात मोजे कोणी चढवायचे? शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर बायबल आणि बियाण्यांची जाहिरात सोडली तर माझ्या डोळ्यांखालून फारसं काही गेलेलं नाही. अजूनही ओळीखाली बोट ठेवून वाचते. बोट घसरलं की तुझा नायक चेस एका पानावर बर्फावरच्या हॉकीचे स्केट बांधत असतो आणि दुसऱ्या पानावर त्याचं लग्न लागलेलं असतं.

पण काय सांगू तुला, मला किती आनंद झाला! चर्चमधल्या सगळ्या बायकांना दाखवलं. कॉफीच्या टेबलावर मधोमध ठेवलं आणि म्हटलं, हात पुसून घ्या आधी, लोणी लागेल. आमच्या घराण्यात आजवर ज्याचं नाव छापून आलं ते मेल्यावरच, पेपरच्या शेवटच्या पानावर. जिवंतपणी छापून आलेली तू पहिली. तो कुत्रा तू किती छान लिहिलायस, तुझ्या नायिकेच्या, हेलीच्या आईचा. मी तर म्हणते, त्याच्यावरच एक पुस्तक लिही.

आजोबांच्या खाण्याबद्दल तुझ्या बाबांनी तुला सांगितलंच असेल. खरं आहे ते. खात नाही म्हटलं तरी चालेल आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून पुढचं समजतं. त्याबद्दल मला लिहायचंय, पण सुरुवात तिथून करवत नाही, म्हणून आधी पुस्तकाचं बोलते. तुला माझी सवय आहे. सरळ रस्ता असला तरी मी आधी चार घरी डोकावते.

तुझी आई फोनवर सांगत होती की लोकांनी त्या कॉम्प्युटरवर नाही नाही ते लिहिलंय. म्हणे दोघांच्यात काही शिजतच नाही. कोणी तर लिहिलं की चेस आणि हेली एकमेकांकडे बघतात ते बसची वाट पाहणाऱ्या दोन अनोळखी माणसांसारखे. तू रडलीस म्हणे, आणि आता एक ओळ लिहिणार नाही म्हणालीस. सेन्नी, रडू नकोस. पण तुझ्याशी खोटंही बोलणार नाही मी. बायको-मुलं सोडून दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी ती माणसं कितीही आगाऊ असोत, या बाबतीत ती चुकलेली नाहीत. हे मला कसं कळलं? मला नाही कळलं. मला सगळं आवडलं होतं. कळलं ते तुझ्या आजोबांना.

कारण मी ते त्यांना वाचून दाखवत होते. दुपारचं जेवण आटोपलं की मी रोज म्हाताऱ्यांच्या होममध्ये जाते, त्यांच्या खिडकीजवळ बसते. बाहेर काय, गाड्या उभ्या करायची जागा आणि बर्फ ढकलणारं मशीन. पलीकडच्या खाटेवर ते फ्रेंच आजोबा होते ना, मिठाईचं डबडं उशाशी ठेवणारे, ते पानगळीआधीच गेले. खाट रिकामीच आहे, चादर ओढून घट्ट केलेली. रेइनोचं, तुझ्या आजोबांचं, नजर लावून तिकडे बघणं मला आवडत नव्हतं, म्हणून पुस्तक नेलं. मागच्या उन्हाळ्यात तू आलीस आणि त्यांनी तुला विचारलं, "पोस्ट आणलीस का बाळ?", आणि तू बाहेर जाऊन गाडीत बसून राहिलीस, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. त्यानंतर तू आली नाहीस. मी राग धरलेला नाही गं. मलाही ते ओळखत नाहीत, पण मला गाडीत बसून राहता येत नाही, मला गाडी चालवताच येत नाही. आजोबा कॉलेजात बर्फावरच्या हॉकीचे गोलकीपर होते आणि तेव्हा गोलकीपर तोंडावर काही घालत नसत. सरावात रबराची ती चकती दगडासारखी येऊन कपाळावर आदळायची. डॉक्टर म्हणतात, त्याचंही असेल, वयाचंही असेल. असेल, कशाचंही असेल.

तर मी वाचायला लागले. त्यांनी कित्येक महिन्यांत तोंड उघडलं नव्हतं. आमच्या लोकांना तसंही बोलायचं वावडं, त्यात हे दुखणं. मी आपली वाचत होते की कॉलेजच्या संघाचा कॅप्टन चेस सामन्याआधी आरशात आपल्या हनुवटीकडे बघतो वगैरे, आणि एकदम आवाज आला, "हा काय करतो म्हणालात?"

मी म्हटलं, "कॅप्टन आहे."

"ते ऐकलं. आरशासमोर काय करतोय?"

"हनुवटी बघतोय."

"मग स्केटला धार कोण लावतंय?"

अगं, मी इतकी हसले की चष्मा मांडीवर पडला. डार्लीन धावत आली. तीच, जी त्यांना उठवते बसवते, जाडी, केसांना निळा रंग लावते. "काय झालं? काय झालं?" म्हटलं, काही नाही, म्हातारबाबा बोलले. त्या दिवसापासून डार्लीनही तिचं काम दारापाशी आणून करायला लागली. टॉवेलच्या घड्या घालायची आणि "हेल्मीबाई, तुम्ही पान उलटताना काहीतरी खाल्लंत हं मधलं, परत मागे जा!" असं ओरडायची. एकदा तू लिहिलंयस की हेली त्याच्या छातीवर डोकं ठेवते आणि त्याच्या कपड्यांना देवदाराचा वास येतो. डार्लीनने टॉवेल खाली टाकला. "देवदाराचा? माझी तीन पोरं हॉकी खेळतात. कडाक्याच्या थंडीतही मी गाडीची काच उघडी ठेवून चालवते." रेइनो म्हणाला, "हिला दोन द्या." कसले दोन ते कोणाला कळलं नाही, पण तो खुशीत होता.

आता हे "तो" निघून गेलं लिहिता लिहिता. तुझ्यासमोर अहो-जाहो करते, पण साठ वर्षं तो मला रेइनोच आहे. चालवून घे.

पुढे ते प्रकरण आलं, शेवटच्या क्षणी चेस गोल करतो आणि सगळ्या मैदानासमोर स्टिक उंच करून वर बसलेल्या हेलीकडे दाखवतो. मला वाटलं, आता रेइनोला आवडणार. माझ्या तर अंगावर काटा आला होता. तो म्हणाला, "याचं तिच्यावर प्रेम नाही." कशावरून? "तो टाळ्या मोजतोय." बरं, आणि तिचं? त्याने खूप वेळ विचार केला. बाहेरचं मशीन एक फेरी मारून आलं तरी विचारच. मग म्हणाला, "तिला थंडी वाजत नाही. बर्फाच्या मैदानात एवढा वेळ बसलेल्या पोरीला थंडी वाजत नाही, नाक गळत नाही, म्हणजे ती तिथे नाहीच." आणि त्याने डोळे मिटून घेतले.

एवढंच होतं बघ तुझ्या पुस्तकाचं. बाकी सगळं ठीक आहे, वाक्यं किती गुळगुळीत आहेत. पण ती पोरगी तिथे नाहीच.

त्यानंतर तो पुन्हा गप्प झाला. रोज वाचायची, रोज मिटलेले डोळे. मला भीती वाटायला लागली. या पुस्तकाने त्याला बाहेर काढलं आणि आता पुस्तकच त्याला आत ढकलतंय. मग तो प्रसंग आला, गुलाबाच्या फुलांचा. बँडवाले वाजवतायत, चेस गुडघ्यावर बसलाय, सगळं कॉलेज बघतंय. मी दोन ओळी वाचल्या आणि माझं बोट थांबलं. पुस्तक उघडंच ठेवलं मांडीवर, म्हणजे वाचतेय असं वाटावं, आणि खरं काय झालं ते सांगायला लागले.

तू म्हणाली होतीस ना, गोष्ट मुळात तुमचीच आहे, मी फक्त आजची केली. पण बाळ, आमची गोष्ट तुला माहीतच नव्हती. कोणालाच नव्हती. आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी तुझे बाबा उभे राहून म्हणाले, "कॉलेजचा हॉकीपटू आणि कपडे धुणारी मुलगी, आणि मग लग्न." झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधलं काही सांगायला गेलं की तुझा आजा कानापर्यंत लाल व्हायचा, म्हणून मी गप्प. तू बिचारी मधलं कुठून आणणार? आणलंस ते दुकानातून आणलंस.

तर ऐक. मी मैदानाच्या खाली तळघरात होते, धुलाईच्या खोलीत. संघाचे लोकरीचे मोजे, जर्सी, सगळं धुवायचं, उसवलेलं शिवायचं, बॉयलरच्या नळांवर वाळत घालायचं. सामना मी कधी पाहिला नाही. डोक्यावर धाडधाड ऐकू यायचं आणि ओरडा झाला की समजायचं, कोणाचा तरी गोल झाला. रेइनो कॅप्टन कसला, तो राखीव गोलकीपर होता. पहिल्या गोलकीपरला दगडाचं कपाळ होतं, तो कधी जखमी व्हायचाच नाही. रेइनोने एका हिवाळ्यात काय केलं असेल, तर बाकावर बसून बर्फावर जायचं छोटं दार उघडलं आणि लावलं. खेळाडू आला की उघड, गेला की लाव. सामना संपला की तो खाली यायचा, न भिजलेले हातमोजे वाळत घालायला. मला कळायचं ते कोरडे आहेत. मी आपली नळावर जागा करून द्यायची.

तो बसायचा बॉयलरपाशी. मी माझी मांस-बटाटा भरलेली पेस्टी मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो एक उकडलेलं अंडं ठेवून जायचा. बोलणं काय, "थंडी आहे." "आहे." एवढं बोलून आम्ही दोघं दमायचो. एकदा मात्र मी जास्त बोलले. म्हटलं, आमच्या बाबांची पाठ धरलीय आणि छपरावर एवढा बर्फ साचलाय की तुळई करकरते. त्याने मान हलवली आणि अंडं सोलत राहिला.

आता आमच्याकडच्या माणसाला विचारायचं म्हटलं तर दात उपटल्यासारखं होतं. पत्ता विचारला असता तर काय झिजला असता? पण नाही. आमचं घर टेकडीवर, निळ्या दाराचं, एवढं त्याने कोणाकडून तरी ऐकलेलं. त्या वर्षी बर्फ इतका होता की पोस्टाच्या पेट्या गडप, कुंपणं गडप, दाराच्या वरची चौकट तेवढी दिसायची. शनिवारी सकाळी हा फावडं खांद्यावर टाकून आला, शिडी लावली आणि वर चढला. लेम्पीच्या छपरावर! आमच्या खालच्या वळणावरची ती विधवा. तिचंही दार निळं.

लेम्पीला वाटलं, चर्चने पोरगा पाठवला. तिने त्याला कॉफी दिली, वेलचीचा गोड पाव दिला, आणि शनिवारी आमच्यात वाफेची अंघोळ असते म्हणून आपला सौनाही तापवून दिला. माझ्या मनात त्या बाईविषयी अजून थोडी अढी आहे, देव तिला शांती देवो. पुढच्या शनिवारी हा पुन्हा तिथे. त्याच्या पुढच्याही. लेम्पीने केसांना कुरळे करायचे चाप लावायला सुरुवात केली. इकडे आमची तुळई करकरतेय आणि बाबा पलंगावरून विचारतायत, "तुझा तो कॉलेजवाला कुठे खपला?" मी मनातून संतापलेली. पेस्टी द्यायची बंद केली. त्याने का म्हणून विचारलं नाही. तो मनातून संतापलेला, की मी एवढं छप्पर साफ करतोय आणि ही तोंड फिरवते!

शेवटी लेम्पीच आमच्याकडे आली, चांगला कोट घालून. बाबांना विचारते कशी, "तुम्ही वडीलधारे आहात म्हणून विचारते. विधवा बाईने कॉलेजच्या पोराशी लग्न केलं तर लोक फार बोलतील का हो? मुलगा कामाचा आहे, तोंडाने नाही काही म्हणाला, पण असं दर शनिवारी कोण येतं?" बाबांनी विचारलं, कोणता मुलगा. तिने सांगितलं. बाबा इतके हसले की ज्या पाठीने महिनाभर त्यांना उठू दिलं नव्हतं ती सुटली आणि ते चक्क उठून बसले.

बाबांचा निरोप गेला आणि त्या दुपारी रेइनो आला. चेहरा बिटासारखा. बाबांना मान लववली, शिडी लावली, वर चढला. मीही दुसरं फावडं घेऊन मागून चढले. तो या टोकाला, मी त्या टोकाला. माझं नाक गळत होतं, त्याच्या मिशीवर बर्फ जमला होता. मधोमध येऊन आमची फावडी एकमेकांना लागली. मला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "तिथला पाव चांगला होता."

मी त्याला ढकलला. सरळ छपरावरून खाली. बर्फाचा ढीग होता, मानेपर्यंत रुतला, फक्त टोपी आणि डोळे वर. आणि तो हसत होता, सेन्नी, मी त्याला तोपर्यंत हसताना पाहिलंच नव्हतं, पुढचा दात नव्हता त्याला. मग मीही उडी मारली. तुझे ते कॉम्प्युटरवरचे लोक जे शोधतायत ना, ते तिथे होतं, आमच्या जनावरांच्या गोठ्याच्या बाजूला, मानेपर्यंत बर्फात.

हे सगळं मी होममध्ये सांगितलं, पुस्तकाच्या पानाकडे बघत. लेम्पीच्या पावापाशी आले तेव्हा त्याचे डोळे उघडले. "वेलची," म्हणाला. "वेलची जास्त घालायची ती." डार्लीन टॉवेल छातीशी धरून उभी. तो म्हणाला, "तिसऱ्या शनिवारी मला कळलं होतं की घर चुकलंय."

मी म्हटलं, "काय?"

"कळलं होतं. पण पाव भट्टीत होता."

बघ म्हणजे! एवढा संसार केला, तीन मुलं वाढवली, दोन घरं बांधली, आणि हे मला ठाऊक नव्हतं! मी त्याला फावड्यानेच हाणला असता. आणि तो "मला" म्हणाला होता. "त्या मुलाला" नाही, "मला". मी त्याचा हात धरला.

त्याने हात सोडवून घेतला. हिसडा नाही दिला, अगदी अदबीने. म्हणाला, "बाई, असा हात धरू नका. तुम्ही चांगल्या आहात, रोज वाचून दाखवता. पण माझं एका मुलीशी ठरलंय. हेल्मी नाव तिचं. तिने पाहिलं तर छपरावरून ढकलील मला."

तुला मी सांगितलं ना, मला आनंद झाला. खोटं नाही, खरंच झाला. या वयात माझ्यासाठी कोणीतरी माझाच हात झिडकारला. कोट टांगायच्या खोलीत जाऊन मी कोटांकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले. डार्लीन आली, माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सरळच सांगितलं, रेइनो, अरे मीच ती, मीच हेल्मी. त्याने माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं सांगू? भर रस्त्यात वाट चुकलेल्या म्हातारीकडे आपण बघतो तसं. मग डार्लीनला हळूच म्हणाला, मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू, "या बाईंना कोणीतरी घरी पोचवा हो. बरं दिसत नाही त्यांचं." त्यानंतर मी ते पुन्हा म्हटलं नाही. रोज जायची, पुस्तक उघडायची आणि हेल्मीबद्दल सांगायची. ती तळघरात कुठलं गाणं गुणगुणायची, तिला सुई कुठे टोचायची. तो ऐकायचा. आणि उठताना रोज एकच, "आज येणार आहे का ती?" मी म्हणायची, आज बर्फ फार आहे, उद्या येईल. बर्फ आपल्याकडे असतोच, त्यामुळे हे पुष्कळ दिवस चाललं.

मग त्याने जेवण अर्धं बाजूला ठेवायला सुरुवात केली. आधी मला वाटलं, भूक मंदावली. डार्लीन ताट उचलायला गेली तर ताटावर हात. "ते तिचं आहे." काही दिवसांनी अर्ध्याचं सगळं झालं. वाटाण्याचं सूप गार होतं, वर साय येते, आणि तो दाराकडे बघत बसतो. "ती आली की एकत्र खाऊ." डार्लीनने चमचा तोंडाशी नेला तर ओठ घट्ट. मी नेला तरी तेच. तुझ्या बाबांनी समजावलं, रागावले, बाहेर जाऊन रडले. डॉक्टर म्हणतात, अशा वेळी माणसाचं शरीरच नको म्हणतं, ओढाताण करू नका. त्यांना सगळं माहीत असेल. पण मला माहीत आहे की त्याला भूक आहे. परवा पावाचा वास आला तेव्हा त्याचा गळा हलला. तो थांबलाय. आणि ज्या मुलीसाठी थांबलाय, तिला मीच रोज बोलून बोलून त्या खोलीत उभी केली, आणि आता तिला आत आणता येत नाही मला. त्याच्या मनगटाभोवती माझी दोन बोटं पुरतात.

गेल्या आठवड्यात तुझं पुस्तक संपलं. हेली आणि चेसचं बर्फावर लग्न लागलं, रेइनोला काही त्याचं सुखदुःख नव्हतं. मी पुस्तक मिटून त्याच्या पांघरुणावर ठेवलं आणि चष्म्याचं घर शोधत होते. त्याने ते उचललं, उलटं केलं. मागे तुझा फोटो आहे ना, राखाडी स्वेटरमधला, ज्यात तू फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली दिसतेस. तो बघतच राहिला. मग मला म्हणाला, "ही बघा."

"कोण?"

"हेल्मी. चिडलीय. मला उशीर झाला ना."

मी पुस्तक घेऊन खिडकीपाशी गेले. आमच्याकडे तेव्हा कॅमेरा नव्हता, त्या वयातला माझा एकही फोटो नाही, मी स्वतःला विसरून गेले होते. सेन्नी, ते नाक माझं आहे. रागाने खालचा ओठ आत ओढायची ती रीतसुद्धा माझी. तुला पाळण्यात असल्यापासून बघते आणि कधी ध्यानात आलं नाही. आता पुस्तक त्याच्या हाताखाली असतं, फोटो वर करून. अंघोळीला नेतात तेव्हाही डार्लीनला ते बरोबर न्यावं लागतं, कोरड्या जागी, त्याला दिसेल असं ठेवावं लागतं. असं प्रेम अजून कुठल्या पुस्तकावर कोणी केलं असेल तर मला सांग.

म्हणून हे पत्र. कौतुक करायचं असतं तर फोनवर केलं असतं, पण हे फोनवर माझ्याने बोलवलं नसतं. तू ये, बाळ. बाबा न्यायला येतील, रस्ता साफ आहे. तुला नाटक करायचं नाही, काही पाठ करायचं नाही, तो फार बोलत नाही. आत जायचं, खुर्ची ओढून बसायचं आणि म्हणायचं, "आले मी." मग एका ताटातून त्याच्याबरोबर जेवायचं. हात धरला तर धरू दे, त्या काळीही त्याला तेवढंच जमायचं. हे पाप आहे का ते मी पाद्रीबाबांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तुला भीती वाटेल, वाटू दे, मलाही वाटते. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसेन. दार लावून घे, म्हणजे मला आतलं ऐकू येणार नाही. बाहेर आलीस की त्याने खाल्लं का, एवढंच मला सांग. तो काय बोलला ते सांगू नकोस, मी विचारलं तरी नाही. ते तिचं आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
मुम्मू